हायड्रोजन आत शिरतो कुठून?

निर्वात चेंबरमधली हवा उपसायला घेतली की बाकीचे वायू एकेक करून काढता पाय घेतात, हायड्रोजन मात्र ठाण मांडून बसतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजन पंपाच्या पहिल्या झपाट्यातच जातात. भिंतींना चिकटलेली पाण्याची वाफ हटवायला अख्खं चेंबर हीटिंग टेपांनी गुंडाळून शंभर-दीडशे अंशांवर रात्रंदिवस तापवावं लागतं. एवढा खटाटोप करून आतला दाब बाहेरच्या हवेच्या दहा लाख कोटींव्या हिश्श्यावर आणला, की मास स्पेक्ट्रोमीटरच्या, म्हणजे उरलेले वायू रेणूंच्या वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर सगळ्यांत उंच टोक उभं असतं ते २ या आकड्यावर. म्हणजे हायड्रोजन. तो कुठून फटीतून आलेला नसतो. चेंबरचं स्टेनलेस स्टील तयार होताना त्यात विरघळलेला हायड्रोजन पुढे वर्षानुवर्षं धातूतून झिरपत राहतो.

अशा चेंबरमध्ये मी लोहाच्या ऑक्साइडचे पातळ थर बनवायचो आणि हायड्रोजन त्यांचं काय करतो ते बघायचो. गंमत अशी, की बहुतेक वेळा तो काहीच करत नाही. नीट बनलेला थर खोलीच्या तापमानाला हायड्रोजनमध्ये ठेवून द्या, दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा सापडतो. नवीन आलेल्या विद्यार्थ्याला हे पटत नाही. त्याने पुस्तकात वाचलेलं असतं, की हेमॅटाइटवरून, म्हणजे लोहाच्या लालसर ऑक्साइडवरून, हायड्रोजन सोडला की लोखंड आणि पाणी मिळतं. एका ओळीत मामला खलास.

ते समीकरण खोटं नाही. पण ते आरंभ आणि शेवट तेवढा सांगतं. क्रिया पृष्ठभागावर नेमकी कुठल्या जागी सुरू होते, कोण आधी हलतं, कोण कुणाची वाट अडवून बसतं, यातलं काहीच त्यात नाही. आणि माझ्या मते या विषयात जे काही रंजक आहे ते सगळं तिथेच आहे.

शिवाय त्या समीकरणातला बाण उलटाही चालतो. लाव्हाझिए आणि म्यूनिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८३-८४ च्या सुमारास बंदुकीची नळी लाल होईतो तापवली आणि तिच्यातून वाफ सोडली. दुसऱ्या टोकाला पेट घेणारा वायू निघाला आणि नळीच्या आतून काळं ऑक्साइड धरलं. पाणी हे मूलद्रव्य नाही, याचा तो मोठा पुरावा ठरला. दहा वर्षांनी फ्रान्सच्या सैन्याने हीच युक्ती टेहळणीच्या फुग्यासाठी वापरली. आम्लातून हायड्रोजन काढायचा तर गंधक लागणार, आणि गंधक तेव्हा बंदुकीच्या दारूसाठी राखून ठेवलेलं. १७९४ च्या जूनमध्ये फ्ल्यूरूसच्या लढाईवर तो फुगा तरंगत होता. क्रिया कुठल्या बाजूला जाणार हे तापमान ठरवतं, आणि समोर वाफ किती नि हायड्रोजन किती हे प्रमाण ठरवतं. वाफ वाहून नेत राहिलात तर लोखंड मिळतं, ती तिथेच साचू दिलीत तर काम थंडावतं. हे वाफेचं प्रकरण लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता थर. लोहाची ऑक्साइडं मुख्यतः तीन: लालसर हेमॅटाइट, काळं आणि चुंबकी मॅग्नेटाइट, आणि वुस्टाइट, ज्यात साधारण एका लोहअणूमागे एक ऑक्सिजन असतो. यातलं वुस्टाइट ५७० अंश सेल्सिअसच्या खाली स्थिर राहत नाही, त्याची फोड होऊन लोखंड आणि मॅग्नेटाइट होऊ पाहतं. पण प्लॅटिनमच्या क्रिस्टलवर एकच थर चढवा, तो मजेत टिकतो. बर्कलीत गॅबॉर सोमोर्जाय यांच्या गटाने १९८८ मध्ये असा थर दाखवला, आणि तेव्हापासून या क्षेत्रातल्या माणसांच्या हाताखालून तो गेला नाही असं क्वचितच होतं.

तो बनवायची रीत सोपी, निगुतीची. प्लॅटिनमवर आर्गॉनच्या आयनांचा मारा करून वरची घाण उडवायची, मग क्रिस्टल तापवून वरचे अणू पुन्हा सपाट बसू द्यायचे. त्यावर लोहाची वाफ, जेमतेम एका थरापुरती. मग थोड्याशा ऑक्सिजनमध्ये तापवणं. तयार होतो तो खाली लोहाचा एक पदर आणि वर ऑक्सिजनचा एक पदर. या दोहोंतलं उभं अंतर वुस्टाइटच्या मोठ्या स्फटिकात ०.१२५ नॅनोमीटर असतं, इथे ते ०.०६८ वर येतं. प्लॅटिनमचे अणू एकमेकांपासून ०.२७७ नॅनोमीटरवर, थरातले साधारण ०.३१ वर, त्यामुळे प्लॅटिनमचे नऊ अणू जेवढी जागा घेतात तेवढीत ऑक्साइडचे आठच मावतात. बारीक जाळीच्या पडद्याचे दोन पदर एकमेकांवर आले की जशी मोठी लाट उमटते तशी नक्षी मग दिसते, दर अडीच नॅनोमीटरला एक. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप अतिबारीक सुईने पृष्ठभाग चाचपून अणूंचं चित्र काढतो. त्याच्या पडद्यावर ही नक्षी एकसारखी उमटली, की थर बरा उतरला असं समजायचं.

आता हायड्रोजनच्या रेणूच्या बाजूने बघा. तो खाली येतो तेव्हा त्याला सगळीकडे ऑक्सिजनचाच पदर दिसतो. लोह खाली दडलेलं. रेणूतले दोन अणू एकमेकांना धरून आहेत ते मोलला ४३६ किलोज्यूलच्या बंधाने. तो बंध तुटायचा तर कुठेतरी धातूचा अणू उघडा असायला हवा, ज्याचे इलेक्ट्रॉन या भानगडीत हात घालतील. असा अणू वर नसला तर रेणू टेकतो आणि परत जातो.

म्हणूनच ‘अमुक ऑक्साइड हायड्रोजनशी सक्रिय आहे’ अशी वाक्यं वाचली की मला थोडं खटकतं. सक्रिय असतं ते त्याचं एखादं भगदाड, एखादी कड, एखादी पायरी. सलग सपाट पृष्ठभाग बहुधा नुसता बघत असतो.

आत शिरायच्या वाटा तरीही आहेत. पहिली म्हणजे रेणू आधीच फोडून आणायचा. टंगस्टनची तार पांढरीफटक होईतो तापवली की तिच्यावर आपटणारे हायड्रोजनचे रेणू सुट्या अणूंत मोडतात. अर्व्हिंग लँगम्युअरने विजेच्या दिव्यांवर काम करताना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे ओळखलं होतं. दिव्यातला हायड्रोजन कुठे नाहीसा होतो याचा माग काढत तो तिथे पोचला. सुटा अणू थरावर पडला की त्याला कुणाची परवानगी लागत नाही. तो सरळ वरच्या ऑक्सिजनला चिकटतो, दोघांची मिळून हायड्रॉक्सिल ही जोडी बनते, आणि त्याचा इलेक्ट्रॉन खालच्या लोहाकडे जातो. मारा वाढवत नेला तर काही हायड्रॉक्सिल पाणी होऊन उडून जातात आणि ऑक्सिजनच्या पदरात रिकाम्या जागा पडतात. आता लोह उघडं पडलं. पुढच्याचं काम सोपं.

दुसरी वाट शेजाऱ्याची. थर सलग न ठेवता प्लॅटिनमवर त्याची बेटं ठेवली, तर मधलं उघडं प्लॅटिनम हायड्रोजन चुटकीसरशी फोडतं आणि सुटे अणू बेटांच्या कडेला पोचवतं. ही कडच मोठी कामाची. चीनमधल्या दालियानच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं, की प्लॅटिनमला लागून असलेल्या कडेवरचे लोहअणू हायड्रोजनच्या गर्दीत मिसळलेला कार्बन मोनॉक्साइड निवडून जाळतात. हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या इंधनघटाला हा वायू विषासारखा असतो, त्यामुळे त्या कडेला आपोआप भाव आला.

शेजारी किती लांब असला तरी चालतो? यावर मला सगळ्यांत आवडलेला प्रयोग स्वित्झर्लंडमधला, २०१७ चा. तिथल्या संशोधकांनी प्लॅटिनमचे आणि लोह-ऑक्साइडचे सूक्ष्म कण जोडी-जोडीने मांडले. प्रत्येक जोडीत अंतर वेगळं, मोजून ठेवलेलं. मग हायड्रोजन सोडला आणि कुठल्या लोह-कणाचं ऑक्साइड कमी होतं ते एकेक कण घेऊन क्ष-किरणांनी पाहिलं. खाली टायटॅनियम ऑक्साइड असेल तर लांबच्या कणालाही हायड्रोजन पोचला. खाली ॲल्युमिनियम ऑक्साइड असेल तर १५ नॅनोमीटरच्या पुढे त्याची मजल जाईना. लोह-ऑक्साइड इथे साक्षीदार म्हणून उभं केलंय, हे मला फार आवडतं. दशकानुदशकं ज्यावर वाद चालला होता तो पट्टीने मोजता आला.

साक्षीदार लागतो याला कारण आहे. पृष्ठभागावरचा हायड्रोजन थेट दिसणं महाकठीण. क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन उडवून मूलद्रव्यं ओळखायची आमची रोजची पद्धत अणूच्या आतल्या कवचातल्या इलेक्ट्रॉनवर चालते, आणि हायड्रोजनला आतलं कवचच नाही. त्यामुळे तो सगळीकडे असून नोंदीत कुठेच नसतो. बघायचं ते त्याने शेजाऱ्यांचं काय केलं. ऑक्सिजनचं टोक ५३० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास येतं. हायड्रॉक्सिल बनलेला असला की त्याच्या चढत्या बाजूला, दीडेक व्होल्ट अंतरावर, एक खांदा फुटतो. खांदा लहान असेल तर तो खरा की पार्श्वभूमी वजा करताना आपणच निर्माण केलेला, यावर चहा थंड होईस्तोवर वाद घालता येतो. मॅग्नेटाइटच्या एका पृष्ठभागावर तर टनेलिंग मायक्रोस्कोपमध्ये हायड्रोजन दिसत नाही, पण त्याच्या शेजारचे दोन लोहअणू उजळतात. त्या जोडीकडे बघत राहिलं तर थोड्या वेळाने उजेड समोरच्या जोडीवर गेलेला असतो. हायड्रोजनने एका ऑक्सिजनवरून समोरच्यावर उडी मारलेली असते.

थेट मोजायची एक रीत आहे, पण तिला कणत्वरक लागतो. नायट्रोजन-१५ चे आयन ६.३८५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या ऊर्जेने मारले, की हायड्रोजनशी त्यांची अणुकेंद्रीय क्रिया होते आणि ठरावीक ऊर्जेचा गॅमा किरण निघतो. ऊर्जा किंचित वाढवत नेली की क्रिया खोलवर घडते, म्हणजे हायड्रोजन वरच आहे की आत उतरलाय हेही कळतं. एका अणूचा पत्ता लावायला केवढा फौजफाटा!

उड्यांचा विषय निघालाच आहे तर पाण्याची एक करामत सांगायलाच हवी. प्लॅटिनमवरच्या त्या एकपदरी थरावर हायड्रोजन एका ऑक्सिजनवर बसला, की खोलीच्या तापमानाला तो सहसा तिथून हलत नाही. डेन्मार्कमधल्या आरहूसच्या गटाने २०१२ मध्ये वेगवान मायक्रोस्कोपने या थराची चलच्चित्रं घेतली. चेंबरमध्ये पाण्याचा नुसता अंश असला तरी हायड्रोजन इकडून तिकडे पळताना दिसला. पाण्याचा रेणू येतो, हायड्रॉक्सिलवरचा प्रोटॉन क्षणभर अंगावर घेतो आणि स्वतःजवळचा एक प्रोटॉन शेजारच्या ऑक्सिजनवर सोडून देतो. द्रव पाण्यात प्रोटॉन असा हातोहात पुढे सरकतो ही कल्पना ग्रोटहुसने १८०६ मध्येच मांडली होती. इथे ती एका रेणूवर, कोरड्या म्हणवणाऱ्या पृष्ठभागावर घडताना दिसली.

कोरड्या म्हणवणाऱ्या, हे मुद्दाम म्हटलं. निर्वातात केलेल्या कुठल्याही हायड्रोजन प्रयोगात पाण्याचा लवलेश नव्हता असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर मी आधी त्याच्या मास स्पेक्ट्रोमीटरचा आलेख मागेन.

त्या आलेखाचीही तऱ्हा असते. थर तापवला, १८ वर टोक आलं, म्हणजे पाणी निघालं. पण थरातून निघालं की नमुना धरणारा दांडा तापल्याने त्याच्यावरून? शहाणा माणूस मग साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ, ड्युटेरियम, वापरतो. जड पाणी २० वर येईल, तिथे तर कुणी नसतं. असतं की. सकाळी प्लॅटिनम साफ करायला जो आर्गॉन सोडला होता त्याचा अणुभार ४०, आणि स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्याचे दोन इलेक्ट्रॉन उडाले की तोही नेमका २० वरच हजर होतो. थरात ऑक्सिजन-१८ भरून ठेवा, तर साध्या हायड्रोजनचं पाणीसुद्धा २० वर. शेवटी ४० च्या टोकावर नजर ठेवायची, १९ (एक साधा नि एक जड हायड्रोजन असलेलं पाणी) बघायचं, आणि नमुना नसताना तोच प्रयोग कंटाळा न करता पुन्हा करायचा. शोधनिबंधात या सगळ्यावर अर्धं वाक्य येतं.

थर जाड केला की तो वेगळाच प्राणी होतो. काही पदरांनंतर वुस्टाइटची रचना टिकत नाही, मॅग्नेटाइटची बेटं उगवतात, आणि प्लॅटिनमचा आधार फार खोल जातो. मॅग्नेटाइटकडे आत लोहाचा नि ऑक्सिजनचा साठा असतो. वरचा ऑक्सिजन पाणी होऊन गेला तरी आतली मांडणी हलून जखम भरून निघते. हे भरून निघणं किती भराभर होतं यावर क्रियेचा वेग ठरतो, आणि इथे एकपदरी थरावरचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलून चालत नाहीत. तसे उचललेले मी पाहिले आहेत.

मोठ्या प्रमाणावर मात्र वाट सापडायचं कोडं पुन्हा जसंच्या तसं समोर येतं. लोह-ऑक्साइडची भुकटी हायड्रोजनच्या प्रवाहात ठरावीक तापमानाला ठेवली तर मॅग्नेटाइटचं लोखंड होताना सुरुवातीला फार काही घडत नाही. काटा हलत नाही. मग कुठेतरी लोखंडाचे पहिले कण तयार होतात, ते हायड्रोजन फोडायला लागतात, आणि गाडी सुसाट सुटते. शेवटी पुन्हा मंदावते. आलेख काढला तर तो आडव्या पसरलेल्या नागमोडी रेषेसारखा. क्रिया आपला उत्प्रेरक आपणच तयार करते, आणि तो तयार होईपर्यंत वाट बघायला लावते.

अमोनियाच्या कारखान्यांत ही वाट बघणं ठरलेलंच असतं. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत आल्विन मिटाशने हजारो मिश्रणं चाळल्यावर जो उत्प्रेरक पक्का झाला त्याचा धागा स्वीडनमधल्या मॅग्नेटाइटशी जुळला. आजही भट्टीत भरलं जातं ते बहुधा मॅग्नेटाइट, ज्यात ॲल्युमिना आणि पोटॅशियमसारखी भर असते. त्याचं लोखंड भट्टीतच, हायड्रोजनच्या प्रवाहात, संथपणे केलं जातं. घाई केली तर बाहेर पडणारी वाफ वाढते आणि नव्याने घडत असलेल्या बारीक लोहकणांना खराब करते. म्हणून बाहेर येणाऱ्या वायूतल्या पाण्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. पृष्ठभागाच्या रसायनासाठी गेरहार्ट एर्टल यांना २००७ मध्ये नोबेल मिळालं, त्यात याच लोखंडावर नायट्रोजन कसा मोडतो याचा उलगडा होता.

आणि आता पोलाद. कोळशाऐवजी हायड्रोजनने खनिजातलं लोखंड मोकळं करायचं, म्हणजे धुराड्यातून कार्बन डायऑक्साइडऐवजी वाफ निघेल, हा बेत. स्वीडनमध्ये लुलेओ इथे २०२१ मध्ये पथदर्शी प्रकल्पात हायड्रोजनने लोखंड काढलं गेलं. हिशोब मांडला तर एक टन लोखंडाला किमान ५४ किलो हायड्रोजन लागतो आणि सुमारे ४८४ किलो पाणी तयार होतं. शिवाय कार्बन मोनॉक्साइडने हेच काम करताना थोडी उष्णता सुटते, हायड्रोजनने करताना ती बाहेरून द्यावी लागते, हेमॅटाइटच्या मोलमागे जवळपास ९९ किलोज्यूल. चर्चा बहुतेक हायड्रोजनच्या किमतीवर चालते, आणि ते रास्तच आहे.

पण भट्टीत खनिज गोळ्या करून घालतात, त्या गोळीच्या आत डोकावलं तर पृष्ठभागवाल्याला वेगळीच अडचण दिसते. हेमॅटाइटचं मॅग्नेटाइट, त्याचं वुस्टाइट, इथपर्यंत सगळं भराभर होतं. वुस्टाइटचं लोखंड होताना गाडी अडते. वुस्टाइटच्या कणाभोवती लोखंडाचं घट्ट कवच धरतं, आणि आत उरलेल्या ऑक्सिजनला त्या कवचातून बाहेर यावं लागतं. हायड्रोजनची अडचण नसते. तो एवढासा अणू, लोखंडातून सहज आत जातो. आत जाऊन ऑक्सिजनशी जुळतोसुद्धा. अडकतो तो त्यातून झालेला पाण्याचा रेणू. ड्युसेलडॉर्फच्या माक्स प्लांक संस्थेत अर्धवट क्रिया झालेल्या नमुन्यांचा अणू-अणू सोलून अभ्यास झाला, तेव्हा बंद छिद्रांत साठलेल्या पाण्याची खूण मिळाली. छिद्रात वाफ साचली की समीकरणातला बाण तिथल्या तिथे उलटा फिरू लागतो आणि तयार झालेलं लोखंड पुन्हा ऑक्साइड होऊ पाहतं. म्हणून चांगली गोळी कशी असावी यावर सध्या जे काम चाललंय ते फार करून छिद्रांवर आहे: ती किती, किती बारीक, आणि मुख्य म्हणजे एकमेकांना जोडलेली आहेत की नाहीत.